फळ्यावरची ओळ

"चाक," सर म्हणाले.

काकू चहा गाळत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिले. "काय हवंय?"

"चाक. चाक ना! कर ते."

काकूंनी गाळणे ठेवले आणि टेबलावरचा चष्मा पुढे केला. सरांनी तो बाजूला सारला. वर्तमानपत्र दिले, तेही सारले.

"औषध? अहो, औषध आत्ताच घेतलंत की. मग दार लावू का?"

"हो," सर जोरजोराने नकाराची मान हलवत म्हणाले, "हो, हो, हो!"

काकू दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. लावावे की उघडावे, त्यांना कळेना. तेवढ्यात सर स्वतःच उठले. उजवा पाय ओढत भिंतीपर्यंत गेले आणि त्यांनी डाव्या हाताने पंखा बंद केला. टेबलावरचे वर्तमानपत्र फडफडायचे थांबले.

"पंखा होय!" काकू म्हणाल्या. "अहो, मग चाक काही अगदीच लांबचं नाही. फिरतं की तेही."

त्या हसल्या. सर हसले नाहीत. परत येऊन त्यांनी गार झालेला चहा पिऊन टाकला आणि खिडकीबाहेर पाहत बसले.

सरांनी जन्मभर अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवले होते. आधी कॉलेजात, आणि निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत. तिथे चार बाक होते, एक फळा होता, आणि खोलीभर खडूचा वास होता. मग एके सकाळी दात घासता घासता त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि हातातला ब्रश गळून पडला. इस्पितळातून घरी आले तेव्हा पाय बराचसा सुधारला होता, हात थोडासा. बोलणे गेले म्हणावे तर तसेही नव्हते. सर बोलत होते, भरपूर बोलत होते, पण शब्द भलतेच येत होते. पाण्याला ते कधी दोरी म्हणत, कधी मंगळवार. 'नाही' म्हणायचे असले की 'हो' म्हणत. तेही नेहमीच नाही. नेहमीच म्हणाले असते तर काकूंना सवय तरी झाली असती. काकूंनी टेलिफोन खात्यात नोकरी केली होती. कानाला यंत्र लावून दिवसभर कुणाचा आवाज कुणाला जोडून देण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. पण समोर बसलेल्या स्वतःच्या नवऱ्याची तार कुठे जुळवावी, हे मात्र त्यांना कळेनासे झाले होते.

त्यातून एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. सर त्यांना आयुष्यभर 'अगं' म्हणत आले होते. आतल्या खोलीतून, बाहेरच्या खोलीतून, रागाने, लाडाने, नुसतेच. तो 'अगं' आता नव्हता. त्याच्या जागी रोज काहीतरी नवे यायचे. परवा सरांनी त्यांना 'छत्री' अशी हाक मारली होती, आणि त्यांनी ओ दिली होती.

बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. तरुण होत्या, गोड बोलायच्या. त्यांच्याकडे चित्रांचे पत्ते होते. कंगवा, किल्ली, गाय, चमचा.

"सर, हे काय आहे बरं? आपण याने केस विंचरतो की नाही? कं... कंग..."

ज्या माणसापुढे बसताना कॉलेजातली दांडगी मुलेसुद्धा शर्टाची बटणे लावायची, तो माणूस कंगव्याच्या चित्राकडे पाहत घाम पुसत होता. एक दिवस त्यांनी सगळे पत्ते हाताने उडवून दिले. बाईंनी न रागावता ते गोळा केले. "होतं असं," त्या म्हणाल्या. काकू वाकून बाकाखालची गाय काढत होत्या. या माणसाच्या डोक्यात आता नेमके काय उरले आहे, काही उरले तरी आहे का, हा प्रश्न त्यांना त्या क्षणी इतका स्पष्ट पडला की त्या तशाच वाकून राहिल्या.

अशात एका दुपारी शंका आली.

शंका हे काही तिचे खरे नाव नव्हे. ती सरांच्या वर्गात बारावीला होती आणि प्रत्येक गणितानंतर तिचा हात वर असायचा, म्हणून सरांनीच तिचे हे बारसे केले होते. पुढे घरचेही तिला त्याच नावाने चिडवू लागले. सर आजारी पडल्यावर ती दुसऱ्या क्लासला जाऊ लागली होती.

"सर कसे आहेत, काकू?"

"बघ की. बसलेत."

ती बाकाच्या कडेवर अवघडून बसली. काकूंनी विचारले, "अभ्यास कसा चाललाय?"

"कसला काकू! तिथे शंका विचारली की म्हणतात, सोल्यूशन ग्रुपवर टाकलंय. आता हेच बघा." तिने दप्तरातून वही काढली. "इंटिग्रेशन आहे. साइन एक्स भागिले साइन एक्स अधिक कॉस एक्स. शून्यापासून पाय भागिले दोनपर्यंत. दोन पानं भरली, पण गुंता सुटत नाही. उलट वाढतच चाललाय."

काकूंना त्यातले 'गुंता' एवढेच समजले. पण सर खुर्चीत ताठ झाले होते. त्यांनी डावा हात पुढे केला.

"वही मागतायत," काकू म्हणाल्या.

सरांनी दोन्ही पाने वाचली. एकदा भुवई चढली, एकदा ओठ मुडपले गेले. काकूंनी हा चेहरा हजारदा पाहिला होता. उत्तरपत्रिका तपासताना असायचा तोच. मग त्यांनी पेन्सिल घेतली. डाव्या हाताने, अक्षर लहान मुलासारखे. आधी त्यांनी दोन्ही पानांवर एक आडवी रेघ मारली. खाली एकच गोष्ट लिहिली आणि वही परत दिली.

शंका त्याकडे बघत राहिली. "पाय भागिले दोन वजा एक्स... म्हणजे एक्सच्या जागी हे घालायचं? म्हणजे तेच गणित उलट्या टोकाकडून..." तिची पेन्सिल चालू लागली. "साइनचं कॉस होतं, कॉसचं साइन. खालची बेरीज तीच राहते. मग दोन्ही मिळवले तर... अय्या! वर आणि खाली सारखंच! सगळं कटतं!"

सरांनी टेबलावर बोटाने टकटक केले. पुढे, पुढे.

"उरला एक. एकाचं इंटिग्रेशन. दुप्पट बरोबर पाय भागिले दोन. म्हणजे उत्तर पाय भागिले चार!" ती उठूनच उभी राहिली. "काकू! पाय भागिले चार!"

"कुणाचा पाय?" काकूंनी घाबरून विचारले.

शंका हसत सुटली. सरही हसले. तोंड थोडे वाकडे होत होते, पण हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा.

ती गेल्यावर काकू बराच वेळ दाराशी उभ्या होत्या. मग आत येऊन सरांच्या पुढ्यात बसल्या.

"पाय भागिले चार येतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "उलट्या टोकाकडून येतं. आणि मी? मला काय म्हणता ते तरी आठवतंय का?"

सरांनी त्यांच्याकडे पाहिले. तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. कपाळावरची शीर फुगली.

"बादली," ते म्हणाले.

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि घासून ठेवलेले पातेले पुन्हा घासत बसल्या. आनंद व्हायला हवा होता, तो झालाही होता. पण त्याच्या बुडाशी काहीतरी करपल्यासारखे होते. नवऱ्याला काहीतरी आठवते म्हणून रुसणारी बायको जगात आपण एकटीच असू, असे वाटून त्यांना स्वतःचाच राग आला.

त्यांनी डॉक्टरांना विचारले. डॉक्टर म्हणाले, "होतं असं कधीकधी. मेंदूत बोलण्याची जागा एक, आकडेमोडीची दुसरी. घराच्या एका खोलीत पाणी शिरलं म्हणजे सगळं घर बुडतंच असं नाही ना?"

"आणि मी कुठल्या खोलीत होते, डॉक्टर?"

डॉक्टर हसले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

शंका दुसऱ्या दिवशी दोन मैत्रिणींना घेऊन आली. मग रोजच येऊ लागल्या. पुढच्या खोलीतले बाक पुसले गेले. सर बोलत नसत. मुली फळ्यावर सोडवत, चुकले की सर खडूने त्या जागी टिंब देत, आणि मुली त्या टिंबापासून मागे जात. मध्ये दुभाषी म्हणून काकूंना बसावेच लागे. गणितातले त्यांना ओ का ठो कळत नव्हते, पण सरांचा चेहरा कळत होता.

"डावी भुवई वर गेली," त्या सांगत. "म्हणजे मागची पायरी बघा. मीठ जास्त पडलं की अशीच जाते."

"आणि आता काकू? आता डोळे मिटलेत."

"मग बरोबर आलंय. किंवा झोप आलीय."

खोलीत हसू फुटे. सरांना कळे की नाही कोण जाणे, पण तेही हसत. मुली गेल्या की घर पुन्हा शांत होई. मग सर पुन्हा मीठ मागायला 'खिळा' म्हणत आणि काकू हातोडी शोधत.

आणि मग ती फळ्यावरची ओळ सुरू झाली.

एका सकाळी चहा झाल्यावर सर पुढच्या खोलीत गेले. काकूंना खडूचा आवाज ऐकू आला. सरांनी फळ्यावर वरच्या बाजूला एकच ओळ लिहिली होती. एक्सचा वर्ग, वजा पाच एक्स, अधिक सहा, बरोबर शून्य. खाली एक रेघ. त्यांनी काकूंना हाताने जवळ बोलावले, त्या ओळीवर खडू टेकवला आणि मग तोच खडू काकूंच्या दिशेने रोखला.

"मला?" काकूंनी विचारले. "माझ्यासाठी आहे हे?"

"नाही," सर म्हणाले, आणि मान होकाराची हलवली.

काकू फळ्याजवळ सरकल्या. इतक्या दिवसांनी हा माणूस त्यांना काहीतरी सांगू पाहत होता. तोंडाने जमत नाही म्हणून त्याला येत होते त्या भाषेत सांगत होता. काकू त्या ओळीकडे बघत राहिल्या. पाच आणि सहा. पाच तारीख, सहावा महिना? लग्न त्या तारखेला झाले नव्हते. लेकीचा वाढदिवसही तो नव्हता. सहाव्या इयत्तेत काही झाले होते का? पाच क्रमांकाच्या घरात ते कधी राहिले होते? त्यांनी प्रत्येक गोष्ट मोठ्याने विचारली. सरांनी आधी मान हलवली, मग कपाळावर हात मारला, शेवटी ओळ पुसून टाकून आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तीच ओळ पुन्हा फळ्यावर होती. तिसऱ्या दिवशीही.

परगावी राहणाऱ्या लेकीला त्यांनी फोन केला. लेक म्हणाली, "आई, गणितात निरोप नसतो गं. बाबा सवयीने लिहीत असतील." मग जरा थांबून म्हणाली, "पाच जूनला काय होतं? आत्या गेली ती जूनमध्येच ना?" म्हणजे तिलाही खात्री नव्हती. फोन ठेवता ठेवता तिने नेहमीचे विचारले, "तुम्ही दोघं इकडेच का येत नाही? एकटी कुठवर निभावणार तू?" काकूंनी नेहमीचे उत्तर दिले, "बघू."

त्यांना खरी धास्ती वाटत होती ती ओळीच्या शेवटाची. बरोबर शून्य. एवढे सगळे वर्ग, वजा, अधिक करून शेवटी शून्य. सरांना तेच तर सांगायचे नसेल? की आता पुरे झाले, हातात काही उरले नाही? त्या विचाराने काकू सरांवर नजर ठेवू लागल्या. सर न्हाणीघरात गेले की त्या दाराबाहेर उभ्या राहत आणि पाण्याचा आवाज ऐकत. औषधांच्या गोळ्या त्यांनी वरच्या फळीवर, सरांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवल्या. शंकाला विचारावे असे मनात यायचे, पण नवरा-बायकोतली गोष्ट त्या एवढ्याशा पोरीपुढे कशी मांडायची? मुली यायच्या आधी त्या फळा पुसून घेत.

रविवारी भौतिकवाले सर भेटायला आले. दोघे एकाच स्टाफरूममध्ये आयुष्यभर शेजारी बसलेले. हे भौतिकशास्त्र शिकवायचे. मोठ्याने बोलणारा, दिलखुलास माणूस. ते आले तेव्हा सर आत आडवे झाले होते. काकूंनी त्यांना पुढच्या खोलीत नेले, दार लोटले आणि फळ्याकडे बोट दाखवले.

"भावजी, मला खरं खरं सांगा. यात काय लिहिलंय?"

भौतिकवाल्या सरांनी चष्मा वर केला. "यात? एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा. का हो?"

"रोज लिहितात. मला दाखवतात. काहीतरी सांगायचंय त्यांना. मी सगळ्या तारखा आठवून पाहिल्या. शून्य का लिहितात ते? मला फार भीती वाटते हो."

भौतिकवाले सर फळ्याजवळ गेले. बराच वेळ त्या ओळीकडे, तिच्या खालच्या रेघेकडे आणि त्याखालच्या मोकळ्या फळ्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्या खांद्यांना हिसका बसला. काकूंना वाटले, रडतायत. ते हसत होते.

"वहिनी, यात काहीसुद्धा नाही."

"नाही कसं?"

"नाहीच. नववी-दहावीचं गणित आहे. सगळ्यात सोपं. पहिल्या दिवशी देतात ते. खाली रेघ मारून जागा सोडलीय, दिसतेय ना? ती तुमच्यासाठी." त्यांनी डोळे पुसले. "तुम्हाला सांगत नाहीयेत काही. तुम्हाला गणित घातलंय, गणित! सोडवा म्हणतायत."

काकू बाकावर बसल्या.

"मला?" त्या म्हणाल्या. "अहो, मी शाळेत गणितात दोनदा नापास झालेली बाई. त्यांना माहीत आहे ते. लग्न ठरलं तेव्हाच सांगितलं होतं मी."

"त्याला काय करायचं? मास्तर माणूस. रोज समोर बसता, मुलींबरोबर हसता, आणि वही काही काढत नाही. त्याला ते बघवत नसणार."

"आणि मी यात मरण शोधत होते हो, भावजी," काकू म्हणाल्या, आणि मग त्याही हसू लागल्या. त्यांना हसू आवरेना. आतून सरांचा आवाज आला, "कपाट! कपाट!" आणि भौतिकवाले सर ओरडले, "आलो रे आलो!"

दुसऱ्या दिवशी शंका जरा लवकर आली तेव्हा काकूंनी तिला स्वयंपाकघरातच गाठले.

"हे बघ, कुणाला सांगू नकोस. मला एक गणित शिकव."

शंकाने टेबलावरच मांडले. "दोन आकडे शोधायचे, काकू. गुणले की सहा आले पाहिजेत, मिळवले की पाच."

"आणि ते वजा?"

"दोघांनाही वजा लावायचं. वजा गुणिले वजा अधिक होतं."

"ते का?"

शंकाने पेन्सिलीचे टोक चावले. तिने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याची शंका ऐकली असावी. "ते... तसंच असतं, काकू."

"बरं. असो." काकूंनी बोटांवर मोजले. "दोन आणि तीन."

"बरोबर! म्हणजे एक्स दोन आहे, किंवा तीन आहे."

"किंवा म्हणजे? खरं कोणतं त्यातलं?"

"दोन्ही खरी."

"एकाच प्रश्नाची दोन उत्तरं, आणि दोन्ही खरी?" काकूंनी पेन्सिल खाली ठेवली. "मग आमच्या बाईंनी मला नापास का केलं गं?"

तरीही त्या शिकल्या. चार दुपारी गेल्या, पण शिकल्या. मग एका सकाळी सरांनी ओळ लिहिली तेव्हा काकूंनी त्यांच्या हातातून खडू घेतला आणि रेघेखालची जागा भरली. कंस वाकडे आले. सर मागे उभे राहून वाचत होते. सरांनी खडू परत घेतला आणि उत्तराशेजारी भली मोठी बरोबरची खूण केली. मग फळा पुसून दुसरे गणित घातले. जरा अवघड.

त्या दिवसापासून काकू शेवटच्या बाकावर वही घेऊन बसू लागल्या. मुलींची गणिते त्यांच्या डोक्यावरून जायची. पण त्यांचे स्वतःचे एक गणित रोज असायचे, आणि ते सुटले नाही तर सर त्यांच्याकडे अशा नजरेने बघायचे की त्यांना बरे वाटायचे. कीव नव्हती त्या नजरेत. नुसता राग होता.

परीक्षा जवळ आली, तसे सर स्वतःच फळ्यावर गणिते सोडवून दाखवू लागले. आणि तेव्हाच कधीतरी मुली एकमेकींकडे बघू लागल्या.

काकूंच्या ते आधी लक्षात आले नाही. सर फळ्यावर लिहीत आणि मध्येच खोलीत वेगळीच शांतता पडे. मग शंका पटकन म्हणे, "हो सर, समजलं," आणि सगळ्या उतरवून घेत. एका दुपारी मुली निघाल्या तेव्हा शंका फाटकापाशी रेंगाळली. काकू तिच्यामागे गेल्या.

"काय झालंय?"

"काही नाही, काकू."

"मी फोनवर आवाज ऐकून माणसं ओळखायची. सांग."

शंका चपलेच्या टोकाने माती उकरत राहिली. "सरांचं चुकतंय, काकू. आधी नुसतं एखादं वजाचं चिन्ह राहायचं. ते कुणाचंही राहतं. पण आज..." तिने वहीतला एक चौकोनी कागद फाडला. "आजचं गणित असं होतं. अठराचा चौकोनी पत्रा. चार कोपऱ्यांतून चार सारखे चौकोन कापायचे आणि कडा वर दुमडून डबा करायचा. किती कापलं तर डब्यात जास्तीत जास्त मावेल? डेरिव्हेटिव्ह सरांनी बरोबर काढलं. दोन उत्तरं आली. तीन आणि नऊ."

"दोन्ही खरी," काकू म्हणाल्या.

"नाही ना. इथे एक टाकून द्यावं लागतं. सरांनी तीन खोडलं आणि नऊला गोल केला. पण काकू, अठराच्या पत्र्यातून दोन्हीकडून नऊ नऊ कापले तर..." तिने कागदाला मधोमध दोन घड्या घातल्या आणि घडीवर बोट ठेवले. "डबाच उरत नाही."

काकू त्या कागदाकडे बघत राहिल्या. हे त्यांनाही समजले, आणि समजले नसते तर बरे झाले असते असे वाटले.

"तुम्ही बोलला नाहीत?"

"कसं बोलायचं? त्यांना आता तेवढंच तर..." तिने वाक्य सोडून दिले.

"वहीत काय लिहिलंस?"

"नऊ."

"आणि परीक्षेत आलं तर?"

"तीन लिहीन की, काकू."

ती गेली. काकू फाटकाला धरून उभ्या होत्या. पोर चांगली होती. तिने केले ते चांगलेच केले असेल. पण काकूंना काही सुधरेना. सांगावे तर हा एक आधारही जाणार. न सांगावे तर मुली मान डोलवत राहणार, चूक उतरवून घेत राहणार, आणि बाहेर जाऊन खोडणार. घरी येणारे-जाणारे सगळे आता सरांशी तसेच वागत होते. चाक म्हटले की हो, खिळा म्हटले की हो. स्वतः काकू छत्री म्हटले तरी ओ देत होत्या. एक फळा तेवढा असा होता की तिथे सरांना कुणी सांभाळून घेत नव्हते. आता तिथेही तेच सुरू झाले होते. यातले दयेचे काय आणि दुष्टपणाचे काय, काकूंना ठरवता येईना. रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांनी तीनदा एक ठरवले आणि तीनदा दुसरे.

दुसऱ्या दिवशी मुली बसल्या. सरांनी खडू उचलला, तेव्हा काकू शेवटच्या बाकावरून उठल्या. त्यांच्या हातात जुन्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा होता, चौकोनी, आणि कात्री.

"अहो," त्या म्हणाल्या, "कालचं एक मला समजलं नाही. विचारू?"

शंकाने चमकून वर पाहिले आणि डोळ्यांनीच 'नको' म्हटले. काकूंनी तिच्याकडे लक्ष दिले नाही.

"हा तुमचा पत्रा समजा. तुम्ही म्हणालात, नऊ कापायचे." त्यांनी पुठ्ठा टेबलावर ठेवला आणि कापू लागल्या. पुठ्ठा जाड होता, कात्री बोथट. खोलीत तेवढाच आवाज होता. एक कोपरा सुटा झाला, मग दुसरा, तिसरा, चौथा. टेबलावर चार तुकडे पडले. मध्ये काहीच नव्हते.

"यात डबा कुठे आहे?" काकूंनी विचारले. त्यांचा आवाज अगदी विद्यार्थ्यासारखा आला, घाबरलेला.

सर त्या तुकड्यांकडे पाहत राहिले. डाव्या हाताने त्यांनी दोन तुकडे एकमेकांना लावून पाहिले, मग चारही. चौकोन झाला, हात काढल्यावर पुन्हा सुटला. त्यांनी मुलींकडे पाहिले. एकीनेही मान वर केली नाही. तेव्हा ते शंकाच्या बाकापाशी गेले आणि हात पुढे केला. तिने वही छातीशी धरली होती. मग दिली.

सरांनी कालचे पान काढले. बोटाने एकेक ओळ वरून वाचत आले. शेवटी बोट नऊवर येऊन थांबले आणि तिथेच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचे काकूंना काही वाचता येईना. भुवई चढली नाही, ओठ मुडपले नाहीत. हा चेहरा त्यांनी यापूर्वी पाहिलाच नव्हता.

पेन्सिल घेऊन सरांनी नऊ खोडला. तीनला गोल केला. वही शंकाला परत दिली.

काकू आपल्या बाकावर परत जाऊन बसल्या. सरांनी फळ्याकडे जाऊन नवे गणित लिहायला घेतले. पहिली ओळ लिहिली. थांबले. पुसली. पुन्हा लिहिली, पुन्हा थांबले. खडू फळ्याला टेकलेला होता आणि पुढे सरकत नव्हता. काकूंना वाटले, आपण उठून काहीतरी बोलावे, चहा ठेवते म्हणावे, काहीही म्हणावे. त्यांनी वही उघडून पुढ्यात ठेवली.

सर वळले. त्यांनी खडू शंकाच्या पुढे धरला.

"नको, सर," शंका म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तुम्हीच सांगा ना. तुम्ही बसून सांगा."

सरांनी हात मागे घेतला नाही. बराच वेळ तो तसाच पुढे राहिला. शेवटी ती उठली आणि तिने खडू घेतला.

मग सर दोन बाकांमधल्या वाटेने मागे निघाले. पाय जमिनीवर घासत होता. दोघी मुली उठून उभ्या राहिल्या. सरांनी हातानेच बसा म्हटले. शेवटच्या बाकापाशी येऊन ते थांबले. काकूंनी आपली वही उचलली, पिशवी मांडीवर घेतली आणि भिंतीकडे सरकून जागा केली. सर बसले.

"समजा," फळ्यापाशी शंकाने सुरुवात केली. खाकरून तिने पुन्हा म्हटले, "समजा, एक्स ही..."

सरांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, बाकावर नीट ठेवला, आणि ते फळ्याकडे पाहू लागले.